तो रजेवर आला की

ज्या माणसानं माझ्या ताईला मारलं, त्याला मी माझ्या हातानं साताऱ्याचं तिकीट दिलं आहे.

मी एसटीत कंडक्टर आहे. इस्लामपूरला राहते. त्या दिवशी कोल्हापूर–सातारा गाडीवर होते. सकाळची वेळ, गाडी निम्मी रिकामी. शिरोली मागे पडल्यावर मी पुढून एकेका बाकाची तिकिटं काढत मागं गेले. खिडकीशी एक माणूस बसला होता. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यावर दोन्ही हात.

"सातारा, एक," तो म्हणाला.

चेहऱ्याआधी मला आवाज ओळखू आला. ह्याच आवाजानं कधीकाळी आमच्या दारातून हाक मारलेली होती, "मेव्हणी, च्या टाक गं." मी मान वर केली. केस बारीक कापलेले, अर्धे पिकलेले. गाल आत गेलेले. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच पिशवीकडं.

"पळून न्हाई आलो," तो हळू म्हणाला. "रजेवर सोडलंया."

बोटांना सवय असते, त्यांनी मशीनवर बटणं दाबली. तिकीट बाहेर आलं. ते त्यानं घेतलं, त्याचे पैसे मी घेतले आणि पुढच्या बाकापाशी गेले. तिथं एक बाई दोन पोरं घेऊन बसली होती, तिच्याशी मी अर्ध्या तिकिटावरून वादही घातला. मग माझ्या जागेवर येऊन बसले. पेठ नाक्यावर माणसं चढली, उतरली, आणि गाडी तशीच उभी राहिली. ड्रायव्हर मागं वळून ओरडला, "मॅडम, घंटी देताय का इथंच मुक्काम करू?"

कराडला तो उतरला. तिकीट साताऱ्याचं होतं, तरी उतरला. स्टँडवरच्या नळाशी ओणवा होऊन ओंजळीनं पाणी पीत होता. मी घंटी दिली. गाडी निघाली.

ताई माझ्याहून मोठी. तिला कोरेगावजवळच्या एका गावात दिली होती. त्याचं स्वतःचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं, हात चांगला होता, पहिली दोन-तीन वर्षं आम्ही सगळे त्याला दाजी दाजी करत त्याच्या पुढंमागं असायचो. मग तो संशय घ्यायला लागला. दूधवाल्याचा, दुकानातल्या कामगाराचा, शेवटी फोनचा. ताई माहेरी आली की हसून सांगायची. आम्हीही हसायचो, कारण ती हसायची.

एका दुपारी शेजारणीला दिसलं की ह्यांच्या गच्चीवरची टाकी कधीची भरून वाहते आहे. पाणी जिन्यावरून उतरून अंगणात आलं होतं. मोटार बंद करा म्हणून हाका मारत ती आत गेली. ताई स्वयंपाकघरात पडलेली होती. पलीकडच्या खोलीत चार वर्षांची पोर झोपेतून उठून बसली होती. तो पायरीवर बसलेला, पाय पाण्यात. शेजारणीनं आधी मोटार बंद केली आणि मग किंचाळली. तिनं हे साताऱ्याच्या कोर्टात जसंच्या तसं सांगितलं.

जन्मठेप झाली. आईला वाटलं, संपलं. जन्मठेप म्हणजे जन्म जाईस्तोवर, असंच तिनं धरलं होतं. मीही तेच धरलं होतं. वडील आधीच गेलेले. आई, मी आणि ताईची मुलगी, एवढं आमचं घर झालं. मी एसटीत लागले. माझं लग्न बघू बघू म्हणता राहून गेलं. त्याचं मला फारसं काही वाटलेलं नाही.

आईनं लग्नाचे सगळे फोटो काढले आणि कात्रीनं त्याला कापून टाकला. ताई तेवढी ठेवली. एका फोटोत मात्र तिच्या खांद्यावर त्याचा हात होता. तो कापायचा तर ताईचा खांदा जात होता. मग तो हात तसाच राहिला, मनगटापासून पुढचा. भाची लहानपणी विचारायची, "आजी, हा हात कुणाचा?" आई म्हणायची, "कुणाचा न्हाई."

कराडच्या नळाशी त्याला पाहिल्यावर घरी येऊन मी आईला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर खाकी कपड्यातच पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि नीट समजावून सांगितलं. जन्मठेपेच्या कैद्यालाही काही वर्षं काढल्यावर दरवर्षी थोडे दिवस घरी सोडतात. चांगला वागला की मिळणारी ती फर्लो. घरात कुणी आजारी असलं, कुणी मेलं, त्यासाठी मिळतो तो पॅरोल. दिवस भरले की आपल्या पायानं परत जायचं.

"मग आम्हाला कुणी कळवत नाही?"

"चौकशी त्याच्या गावाकडच्या ठाण्याला जाते. तो आल्यावर गावात काही भांडण होणार नाही ना, एवढं बघतात. तुमचं गाव वेगळं, जिल्हा वेगळा. तुम्हाला कोण विचारणार?"

"माझी बहीण मेलीय त्यात."

"खरंय," तो म्हणाला. "पण अर्जात ते कुठं येत नाही."

शेवटी मी आईला सांगितलं. सांगायला नको होतं असं पुष्कळदा वाटलं. त्या दिवसापासून आमच्या घराचं दार भर दुपारीही लागायला लागलं. आई कडी घालायची, थोड्या वेळानं उठून हात लावून बघायची. रस्त्यानं कुणी चप्पल घासत गेलं की बोलणं थांबवायची. तो कधी सुटतो ते माहीत नव्हतं, त्यामुळं तो आमच्यासाठी वर्षभर सुटलेलाच होता. तो आत असतानाही आमच्या गल्लीत होता. माझ्या गाडीत तर तो रोजच असायचा. कापडी पिशवी मांडीवर घेतलेला, केस बारीक कापलेला कुणीही माणूस खिडकीशी बसला असला की त्याच्यापर्यंत जाईस्तोवर माझ्या तोंडाला कोरड पडायची. जवळ गेलं की तो कुणी शेतकरी असायचा, कुणी दवाखान्याला निघालेला. कराडच्या त्या नळाकडं मी कधी बघायचं नाही असं ठरवायची आणि गाडी स्टँडात शिरली की डोळे आधी तिकडं जायचे.

वडिलांनीच आईला मारलं, हे भाचीला शाळेतल्या एका मुलीनं सांगितलं. सहावी-सातवीत असेल. घरी आली, दप्तर ठेवलं, हातपाय धुतले आणि मला एकच प्रश्न विचारला.

"मावशी, पाणी कुणी बंद केलं?"

तिला पाणी आठवत होतं. बाकी काही नाही. मी शेजारणीचं नाव सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि अभ्यासाला बसली. पुढं कितीतरी वर्षं ह्या विषयावर तिनं अवाक्षर काढलं नाही. बारावी झाली, सांगलीला नर्सिंगला गेली, तिथंच होस्टेलवर राहायला लागली. शनिवार-रविवारी यायची. मध्ये एकदा दोन महिने आलीच नाही. परीक्षा आहे म्हणाली. आम्ही धरून चाललो की परीक्षा असेल.

असं चाललेलं असताना एक दिवस गाडी धुवायला सोडण्याआधी मी बाकावर राहिलेलं वर्तमानपत्र उचललं. आतल्या पानावर छोटी बातमी होती. तुरुंगांचा कायदा इंग्रजांच्या वेळचा आहे, तो बदलून राज्य नवा करणार, त्यात फर्लो, पॅरोल, मुदतीआधी सुटका ह्या सगळ्याचे नियम नव्यानं होणार. त्यासाठी नेमलेल्या समितीवरचे एक आमदार सांगलीला विश्रामगृहाच्या सभागृहात लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होते. कैद्यांचे नातेवाईक, पीडितांचे नातेवाईक, वकील, कुणीही यावं.

मी ते आईला वाचून दाखवलं. आई भाकरी थापत होती.

"मी जाऊन सांगते," मी म्हटलं. "असल्यांना सोडूच नका म्हणून सांगते."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "मी बी येते," ती म्हणाली. "माझं एवढंच हाय. त्यो कवा सुटतोय त्ये सांगा म्हनावं. म्या दार लावून घ्यीन. बाकीचं वरीस तरी उघडं ठिवीन."

भाचीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मीपण येते. मी सांगलीतच आहे."

सभागृहात खुर्च्यांचे दोन भाग केले होते. व्यवस्था बघणाऱ्या वकीलबाई होत्या, चाळिशीच्या, सुती साडी, चेहरा दमलेला. दाराशी एक पोरगेलासा कारकून सगळ्यांना विचारून सांगत होता, "पीडितांचे नातेवाईक डावीकडे. कैद्यांचे नातेवाईक उजवीकडे." आम्ही दोघी डावीकडं बसलो. भाची मागाहून आली. तिलाही त्यानं विचारलं.

"दोन्ही," ती म्हणाली.

"दोन्ही कसं? तुमचं कोण आत आहे?"

"वडील."

"मग उजवीकडे."

"आणि आई मेली ती त्यांच्याच हातानं."

कारकून तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं बाजूला ठेवलेली एक खुर्ची उचलली आणि दोन भागांच्या मधल्या वाटेत मांडली. बिचाऱ्यानं चांगल्या मनानंच केलं. पण ती तिथं एकटी बसली आणि सगळं सभागृह तिला बघू लागलं.

त्या वाटेच्या पलीकडं, उजव्या बाजूला पहिल्या रांगेत एक म्हातारी बसली होती. नऊवारी, कपाळावर कुंकू नाही. तिनं मान वळवली. ती ताईची सासू होती, त्याची आई.

आम्ही तिला कोर्टानंतर पाहिलेलं नव्हतं. आईनं माझा हात धरला. म्हातारी आमच्याकडं बघत नव्हती, मधल्या खुर्चीकडं बघत होती. नातीला तिनं चार वर्षांची असताना शेवटची पाहिली होती. ओळख पटली ती बहुतेक आमच्यामुळं.

वकीलबाईंनी तिचं नाव पुकारलं. ती उठली, माइकपाशी गेली, माइकला हात जोडले.

"साहेब, माझा मालक हातरुनावर पडला तवा पोरानं अर्ज क्येला. बाप शेवटाला लागलाय, चार दीस सोडा म्हनला. त्यो अर्ज तुरुंगातनं कोरेगावला आला. तितनं साताऱ्याला ग्येला. तितनं पुण्याला ग्येला म्हनत्यात. आमी वाट बघतोय. मालक रोज इचारायचा, आलं का पोरगं. मी म्हनायची, निगालंय. मालक ग्येला. दहावं झालं, तेरावं झालं, आन मग उत्तर आलं. नामंजूर. का नामंजूर, त्ये न्हाई लिवलं." ती थांबली. "माझ्या लेकानं लय वंगाळ क्येलंय. मी न्हाई म्हनत न्हाई. पन हो म्हना, न्हाई म्हना, माणूस जिता हाय तवर म्हना. आन का त्ये सांगा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. मी तोंडपाठ करून आणलेलं भाषण माझ्या डोक्यात होतं, सोडूच नका, कशाला सोडता. ते तिच्या बोलण्यानंतर मला कुठून सुरू करायचं ते कळेना. तिच्याविषयी मला दया आली असं मी म्हणणार नाही. पण मरणाऱ्या माणसाला "निगालंय" म्हणून रोज खोटं सांगणारी बाई मला दिसली, आणि ती दिसल्यावर भाषण राहिलं नाही.

आईची पाळी आली. आई माइकपाशी न जाता जागेवरच उभी राहिली आणि दाराचं जे होतं ते म्हणाली. दोन वाक्यं. आमदारांनी मान हलवली, कुणीतरी लिहून घेतलं.

मग भाची उठली. मला वाटलं होतं ती बोलणार नाही.

"मागच्या वर्षी," ती म्हणाली, "आमच्या होस्टेलसमोर रेनट्रीखाली एक माणूस उभा राहायचा. तीन-चार दिवस. संध्याकाळी मुली आत यायच्या वेळेला. काही बोलायचा नाही. फक्त बघायचा. मला वाटलं, ते माझे वडील असतील. रजेवर आलेले असतील."

आईनं माझा हात सोडला. आम्हाला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

"मला त्यांचा चेहरा माहीत नाही," ती पुढं म्हणाली. "आमच्या घरात त्यांचा फोटो नाही. एक हात तेवढा आहे. त्यामुळं तो माणूस ते होते की नव्हते, हे मला सांगता येत नव्हतं. पोलिसांत जाऊन काय सांगू? माझे वडील असावेत असं वाटतंय? रेक्टरना काय सांगू? मी दोन महिने होस्टेलमधून कॉलेजला आणि कॉलेजमधून होस्टेलला, एवढंच केलं. गावी गेले नाही, कारण स्टँडवर जावं लागतं. आजही मला माहीत नाही तो कोण होता. त्या वेळी ते बाहेर होते की आत, एवढं जरी मला कुणी कळवलं असतं, तरी मला घाबरायचं का नाही ते ठरवता आलं असतं."

वकीलबाईंनी विचारलं, "तुमचं म्हणणं काय? त्यांना रजा देऊ नये?"

"ते मला विचारू नका," ती म्हणाली. "ते ठरवायचं काम तुमचं. नियमानं ठरवा, वेळेत ठरवा, कारण द्या. त्या आजी म्हणाल्या तसं. आणि आम्हाला कळवा."

तेवढ्यात म्हातारी उठली. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"न्हाई गं पोरी. त्यो न्हवता. गेल्या रजंला त्यो घराभायर पडलाच न्हाई. कावीळ झालती. हातरुनावरच हुता. आईशपथ."

भाचीनं तिच्याकडं पाहिलं. "खरंच?"

"व्हय."

घरी जाताना एसटीत आई म्हणाली, "खोटं बोलती ती." मी विचारलं, कशावरून? आई म्हणाली, रजेवरच्या माणसानं गाव सोडायचं नसतं ना, सांगलीला गेला होता असं निघालं तर परत कधी सोडायचे नाहीत. मग ती काय खरं सांगणार? मला ते पटलं. आणि म्हातारीनं "आईशपथ" म्हणताना पोरीकडं बघितलं होतं तेही मला खोटं वाटत नव्हतं. भाची खिडकीबाहेर बघत होती. बहुतेक तिच्याही डोक्यात हेच चाललं असावं.

कायदा झाला. मंजूर झाल्याची बातमी मी डेपोतल्या टीव्हीवर खालच्या पट्टीत सरकत गेलेली पाहिली. नियम यायला आणखी बरेच महिने लागले. मग वकीलबाईंचा फोन आला. "सगळं नाही आलं," त्या म्हणाल्या. "अर्जाचा निकाल मुदतीत लावायचा आलंय, पण त्यात 'शक्यतो' घातलंय. नामंजुरीचं कारण लेखी द्यायचं, ते आलं. आणि सोडण्याआधी पीडिताच्या घरी कळवायचं, तेही आलं." त्या जराशा हसल्या. "पाठोपाठच आहेत दोन्ही कलमं. त्या आजींचं वर, तुमचं खाली."

पुढच्या हिवाळ्यात खरंच फोन आला. आमच्या ठाण्यातून. अमुक दिवशी सोडतायत, अमुक दिवशी परत जाणार, कोरेगावला पोलीस ठाण्यात एक दिवसाआड हजेरी, त्या हद्दीबाहेर पडायची मनाई. मी कॅलेंडरवर खूण केली. आईनं सुटकेच्या दिवशी कडी घातली आणि सगळे दिवस ती काढली नाही. तो परत गेल्याच्या सकाळी तिनं दार उघडलं आणि पायरीवर शेंगा फोडत बसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. ती तिथं बसलेली पाहून गल्लीतल्या बायका थांबून बोलू लागल्या.

माझं तसं झालं नाही. तो आत आहे हे कागदावर माहीत असूनही मला गाडीत तो दिसायचा. सवयीला तारखा कळत नाहीत.

त्याच्या पुढच्या वर्षीचा फोन आला तेव्हा भाची घरी होती. तिचं शिक्षण संपत आलं होतं. रात्री जेवताना ती म्हणाली, "मला त्यांचा चेहरा बघायचाय."

आईचा घास हातातच राहिला.

"भेटायचं नाही," ती म्हणाली. "बोलायचं नाही. नुसता बघायचाय. एकदा तो माहीत झाला की बाकीच्या पुरुषांचे चेहरे मोकळे होतील, आजी. मला वॉर्डात कुणी म्हातारा 'बाळ' म्हणाला तरी धस्स होतं."

आई म्हणाली, "एकली जाऊ नगंस."

आम्ही कोरेगावला गेलो. हजेरीचा दिवस होता. ठाण्यासमोरच्या रस्त्याच्या ह्या बाजूला रसवंती आहे, तिथं बसलो. मी साधी साडी नेसले होते. रस पिऊन झाला, आणखी एक मागवला, तोही पिऊन झाला. मग तो आला. पायी, रस्त्याच्या अगदी कडेकडेनं, जणू रस्ता वापरायचीही परवानगी लागते. डोक्याला टोपी, अंगात ढगळ स्वेटर. म्हातारा झाला होता.

"तो," मी म्हटलं.

भाची बघत राहिली. तो आत गेला, थोड्या वेळानं बाहेर आला, फाटकाशी थांबला. उजव्या हातानं डाव्या हाताचं कोपर धरून उभा राहिला. अगदी तश्शीच भाची उभी राहते, लहानपणापासून. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

मग त्यानं रस्ता ओलांडला आणि सरळ रसवंतीकडं आला. मला तो ओळखणार. मी झटक्यात उठले, आतल्या बाजूला हात धुवायच्या टाकीपाशी पाठ करून उभी राहिले. नळ सोडला. पाण्याच्या आवाजातून मला ऐकू आलं.

"बाळ, किती वाजलं?"



"अकरा वाजून गेले," भाची म्हणाली.

"आसं व्हय. मग गाडी हाय अजून," तो म्हणाला. नंतर चपलांचा आवाज, लांब जाणारा.

मी बाहेर आले तर ती जागच्या जागी बसलेली. रसवंतीवाला विचारत होता, बरं वाटत नाही का? मी पैसे दिले, तिला उठवलं, आम्ही स्टँडच्या उलट्या दिशेनं पुष्कळ चाललो. देवळाच्या पाराशी आल्यावर ती बोलली.

"त्यांनी मला ओळखलं नाही, मावशी."

"नाही ओळखलं."

"मग झाडाखाली ते नव्हते. तिथं उभं राहणाऱ्याला माझा चेहरा माहीत असणार ना."

"हो," मी म्हटलं. मला इतकं हलकं वाटलं की रडू येईलसं झालं. म्हातारी खरं बोलली होती.

आणखी थोडं चालल्यावर ती म्हणाली, "ठाण्याच्या फाटकाच्या आत भिंतीवर मोठं घड्याळ आहे. मी बघितलं. ते त्याच्याखालूनच बाहेर आले."

तिनं नुसतं माझा दंड धरला आणि साताऱ्याची गाडी येईपर्यंत तो सोडला नाही. घरी आल्यावर आईनं विचारलं, कसा हाय दिसायला? भाची म्हणाली, "म्हातारा झालाय. थकलाय." वेळ विचारल्याचं तिनं आईला सांगितलं नाही, आणि मीही नाही.

आता ती कराडला एका दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळी करते, स्टँडवरून एकटी चालत जाते. आई दार उघडं ठेवते. मला वाटलं होतं, एवढ्यावर थांबेल.

गेल्या महिन्यात पत्र आलं. त्याला मुदतीआधी कायमचं सोडायचं का, हे ठरवायला मंडळ बसणार आहे. नव्या नियमाप्रमाणं मृताच्या नातेवाइकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं आहे. पत्र भाचीच्या नावानं आहे. सज्ञान, सगळ्यांत जवळची नातेवाईक म्हणून. आईनं वाचून घेतलं आणि म्हणाली, "न्हाई म्हनून सांग." मग संध्याकाळी म्हणाली, "तुला काय वाटंल त्ये सांग." मग जेवताना पुन्हा, "न्हाई म्हनून सांग."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, लेखी पाठवलं तरी चालतं, जायची गरज नाही.

"मी जाणार आहे," भाची म्हणाली. "ते समोर असले तरी चालेल."

काय सांगणार आहे ते तिनं आम्हाला सांगितलेलं नाही. विचारायचं धाडस मला होत नाही. आईलाही होत नसावं, कारण ती हल्ली तिच्याशी फक्त जेवणाखाण्याचं बोलते. पुढच्या गुरुवारी जायचं आहे. मी रजेचा अर्ज दिला होता, डेपोत माणसं कमी म्हणून तो अडला होता, आज मंजूर झाला.